कल्ला

कनकांबराचं फूल तोडायला डोळे लागतात आणि धीर लागतो. पुण्याकडची माणसं त्याला अबोली म्हणतात. नखाएवढं फूल, वजनाला काहीच नाही. तासभर वाकून तोडावं तरी टोपलीचा तळ झाकत नाही. सगुणाबाईंची चाळीस वर्षं या कामात गेली होती. त्यांचा धाकटा भाऊ रघुनंदन बारा वर्षं हेच करत होता, आणि त्याच्या बोटांसारखी बोटं सगळ्या पाळ्यात नव्हती. देठाला धक्का नाही, पाकळीला सुरकुती नाही. मळ्यात मजुरीला येणाऱ्या बायका त्याला चिडवायच्या, ‘रघू, तुझं लग्न लावायचं तर फुलाशीच लावायला पाहिजे.’ रघू मान खाली घालून हसायचा आणि पुढच्या रोपाकडं सरकायचा.

पाळ्या म्हणजे बेंगळुरूच्या कडेची वस्ती, पंचवीसेक मराठ्यांची घरं. किती पिढ्यांपूर्वी आली, कुणाबरोबर आली, हे आता त्यांनाही सांगता येत नाही. घरात मराठी, अंगणात कन्नड आणि रागात दोन्ही, अशी त्यांची रीत. पूर्वी चहूकडं मळे होते. मग इलेक्ट्रॉनिक सिटी वाढत वाढत आली, उंच पुलावरून गाड्या धावू लागल्या, आणि एकेक मळा विकला जाऊन तिथं वीस-वीस मजले उभे राहिले. सगुणाबाईंचे वीस गुंठे तेवढे मध्येच राहिले होते. नवरा गेल्यावर त्या लेकीला, कावेरीला, घेऊन माहेरी आल्या होत्या. आईवडील गेले, कावेरी कंपनीत कामाला लागली, तरी मळा काही सुटला नाही.

रघूला अठ्ठाविसाव्या वर्षी आजार झाला. नसलेले आवाज त्याला ऐकू यायचे. मोठ्या दवाखान्यात दोन महिने काढले, गोळ्या लागू पडल्या, आणि तेव्हापासून तो बरा होता. बरा म्हणजे काय, तर आवाज यायचेच, पण लांबून यायचे. तिथल्या डॉक्टरांनी त्याला एक गोष्ट शिकवली होती. काही ऐकू आलं की आधी आपल्या माणसाला विचारायचं. रघू विचारायचा, “अक्का, हे आहे का?” सगुणाबाई कान द्यायच्या. कुत्रं भुंकत असलं तर म्हणायच्या, “आहे.” काही नसलं तर म्हणायच्या, “नाही रे.” नाही म्हटलं की रघू मान हलवायचा आणि हातातलं काम पुढं चालू. ना वाद, ना पुन्हा विचारणं. बारा वर्षांत लोकांनी देवाला जितक्यांदा कौल लावला नसेल तितक्यांदा त्यानं बहिणीला विचारलं होतं, आणि सगुणाबाई त्याच्याशी एकदाही खोटं बोलल्या नव्हत्या.

श्रावण लागला आणि शेजारच्या प्लॉटवर पायलिंगचं मशीन आलं. जमिनीत खांब ठोकायचं ते यंत्र. सकाळी सातला सुरू व्हायचं ते अंधार पडेपर्यंत धाड, धाड, धाड. घरातली भांडी फळीवरून सरकायची. पहिल्या दिवशी रघूनं विचारलं, “अक्का, हे आहे का?”

“आहे रे. मेलं ते मशीन आहे.”

तासाभरानं पुन्हा विचारलं. पुन्हा ‘आहे’. नसलेल्या आवाजाशी कसं वागायचं हे तो शिकला होता. असलेल्या आवाजाचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चौथ्या दिवसापासून त्याची झोप गेली. जेवताना घास हातातच राहू लागला. आणि नेमका त्याच आठवड्यात गोळ्यांचा डबा संपत आला होता. मंगळवारी दवाखान्यात जायचं ठरलेलं होतं, पण शुक्रवारी वरमहालक्ष्मीचा सण. सगळ्या बेंगळुरूला त्याच दिवशी फुलं हवीत. सगुणाबाई म्हणाल्या, “सण तेवढा होऊ दे, मग सोमवारी जाऊ या.” गोळ्या बुधवारी संपल्या. एवढ्या एका वाक्यासाठी त्या पुढं कितीतरी दिवस स्वतःला बोल लावत राहिल्या.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला रघू फुलांची टोपली टाकून उठला. दोन्ही कानांवर हात दाबून अनवाणीच रस्त्याकडं धावला. झिमझिम पाऊस चालू होता. बांधकामाच्या फाटकापुढं सणाची गर्दी, गाड्या अडकलेल्या, आणि ती सोडवायला पोलिसांची गाडी येऊन थांबलेली. रघू तिथं जाऊन जीव तोडून ओरडू लागला, “कल्ला! कल्ला! कल्ला!” आता गोंगाट बंद करवायचा तर सांगायचं कुणाला? पोलिसांनाच. म्हणून तो त्यांच्याकडं हात करून ओरडत होता.

घाबरलेला माणूस आईच्या भाषेत ओरडतो. ऐकणाऱ्यांची भाषा मात्र दुसरी होती. आधी माणसं इकडंतिकडं बघू लागली. मग एका रिक्षावाल्यानं रघूचा हात कुणाकडं आहे ते पाहिलं आणि तो मोठ्यानं हसला. त्याच्यामागं सगळी गर्दी हसली. ती का हसली हे तेव्हा रघूला कळलं नाही, आणि मागून धापा टाकत पोचलेल्या मजूर बायकांनाही कळलं नाही. पोलीस मात्र लालबुंद झाले. दोघांनी रघूला दोन्हीकडून धरलं, त्याचे हात त्याच्याच टॉवेलनं बांधले आणि गाडीत घातलं.

बायकांनी निरोप आणला तेव्हा सगुणाबाई घरात सुतळी भिजवत होत्या. त्यांनी ओले हात पदराला पुसले, कपाटातून दवाखान्याची फाईल घेतली आणि रिक्षा करून स्टेशन गाठलं.

स्टेशनात टेबलामागं बसलेल्या पोलिसापुढं त्यांनी फाईल ठेवली. “सार, माझा भाऊ आजारी आहे. गोळ्या चुकल्यात. दवाखान्यात न्यायला सोडा. सगळं लिहिलेलं आहे यात.”

त्यानं फाईल उघडलीही नाही. कोपरानं बाजूला सारली. “बसा तिकडं.”

सगुणाबाई बाकावर बसू लागल्या तर तो म्हणाला, “तिथं नाही. तो बाक साहेबांकडं येणाऱ्यांचा.” मग त्या भिंतीला टेकून फरशीवर बसल्या. पायाला मळ्यातला चिखल होता. झाडणारी बाई आली, तिनं त्यांच्या पायांभोवतीची फरशी पुसली आणि पायांकडं बघून तोंड वाकडं केलं. अकरा वाजले, बारा वाजले.

मग भिंतीपलीकडून पहिला आवाज आला. काठीचा. त्याच्यामागून रघूचा.

सगुणाबाई ताडकन उठल्या. “काय म्हणून मारायलात त्याला? आजारी आहे म्हणून सांगितले की!”

“सुम्मनिरम्मा!” टेबलावरचा ओरडला. “गप्प बसा, नाहीतर तुम्हालाही आत घालीन.”

पुन्हा काठी. आणि मग भिंतीपलीकडून रघूचा आवाज आला, रडका नाही, नुसता घाबरलेला, रोज विचारायचा तसाच.

“अक्का! हे आहे का?”

अक्का बाहेर आहे हे त्याला माहीत नव्हतं. तो नुसताच विचारत होता. नाही म्हणावं असं सगुणाबाईंना फार वाटलं. ‘नाही रे’ एवढं म्हटलं असतं तर कदाचित त्यानं मान हलवून ते सोसलंही असतं. पण बारा वर्षांत एकदा खोटं सांगितलं की पुढं त्यानं कुणावर विसंबायचं? त्यांनी भिंतीला दोन्ही हात लावले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडल्या, “आहे रे, रघू! आहे!”

पलीकडं एकदम शांत झालं. मग कुणीतरी शिवी दिली आणि पुन्हा सुरू झालं. तो विचारत होता, त्या सांगत होत्या. किती वेळ, ते त्यांना कळलं नाही. शेवटी हवालदार नंजुंडप्पा बाहेरून आले. पिकल्या मिशांचा माणूस, रिटायर व्हायला वर्षही राहिलं नसेल. दर शुक्रवारी पाळ्यातून फुलं नेणारा. सगुणाबाईंना बघून ते खाली मान घालून आत गेले. आतून त्यांचा आवाज ऐकू आला, “साकु, बिड्री.” पुरे, सोडा आता. मग तांब्याचा आवाज आला.

चार वाजता कन्नडात लिहिलेला एक कागद सगुणाबाईंपुढं आला. “सही करा आणि घेऊन जा.” सातवीपर्यंतची शाळा कन्नडातलीच होती, त्यांना वाचता येत होतं. पण दारात रघू उभा होता, दोन्ही पाय धड न टेकता, भिंतीला धरून. सगुणाबाईंनी न वाचता सही केली.

रघूचे तळपाय सुजून फुगले होते. दुसऱ्या दिवशी, सणाच्याच दिवशी, कावेरीनं कामावरून सुट्टी घेतली आणि मामाला दवाखान्यात नेलं. डॉक्टरबाईंनी पाय पाहिले, मनगटं पाहिली आणि बराच वेळ लिहीत राहिल्या. म्हणाल्या, “हे पडल्यामुळं झालेलं नाही, असं मी लिहिलंय. कागद जपून ठेवा.” इकडं मळ्यात फुलं रोपांवरच सुकली.

रघू तीन आठवडे बोलला नाही. गोळ्या सुरू झाल्या, झोप परत आली, पायांची सूज उतरली, पण बोलणं नाही. अंगणात बसून तो कनकांबराच्या माळा ओवायचा. चौथ्या आठवड्यात एका दुपारी त्यानं दोरा खाली ठेवला आणि म्हणाला, “अक्का, मी काय चोर आहे का?”

“कोण म्हणतंय?”

“तेच म्हणत होते. मारताना. कळ्ळ कुणाला म्हणतोस, कळ्ळ कुणाला म्हणतोस. मी कुणाला म्हटलो?”

सगुणाबाईंना काही उलगडा होईना. कन्नडात कळ्ळ म्हणजे चोर, हे पाळ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. पण रघूच्या तोंडून तो शब्द निघण्याचं काही कारण नव्हतं.

कावेरीच्या ओळखीतून त्या भार्गवी नावाच्या वकीलबाईंकडं गेल्या. गरिबांचे खटले फुकट चालवणारी बाई, जे. पी. नगरात दोन खोल्यांचं ऑफिस, वय तिशीचं, आणि बोलणं असं की कोर्टातला शिपाईसुद्धा नीट उभा राहील. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरचं एक पुस्तक उघडलं.

“अक्का, कायदा सांगते. असा आजारी माणूस रस्त्यात दिसला तर पोलिसांनी त्याला सांभाळायचं. चोवीस तासांच्या आत दवाखान्यात न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही. कसंही करून ठेवायचं नाही, असं लिहिलंय.”

“आमच्यासारख्यांसाठी लिहिलंय?”

“रघुनंदनसारख्यांसाठीच लिहिलंय.”

सगुणाबाईंनी ते पान बोटानं हलकेच चाचपलं. दिल्लीत बसून कुणीतरी, रघूला कधी न पाहिलेल्या माणसानं, रघूचा एवढा विचार केला होता. आणि ते इथं छापलेलं असताना त्या फरशीवर बसून भिंतीशी बोलत होत्या. त्यांना रडू आलं ते दुःखानं नाही, नवलानं आलं. भार्गवीनं त्यांना रडू दिलं.

दोन महिन्यांनी पोलिसांच्या नोंदीची नक्कल हाती आली. स्टेशनातला कॅमेरा त्या दिवशी बंद होता, असं त्यात लिहिलं होतं. रघू कोठडीत पाय घसरून पडला, असंही लिहिलं होतं, आणि त्याखाली सगुणाबाईंची सही होती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. वरच्या ओळी भार्गवी मोठ्यानं वाचत होती. “सदर इसम भर रस्त्यात पोलिसांकडं हात करून ‘कळ्ळ, कळ्ळ, कळ्ळ’ असं ओरडला व त्यानं लोकांना चिथावलं…”

“काय? पुन्हा वाचा.”

भार्गवीनं पुन्हा वाचलं. सगुणाबाई उठून उभ्याच राहिल्या. “अय्यो देवा! कळ्ळ नाही हो बाई, कल्ला! मशीनचा कल्ला! आमच्या घरात गोंगाटाला कल्ला म्हणतात. गप्प करा म्हणून सांगत होता तो त्यांना!”

भार्गवीनं दोन्ही शब्द म्हणून पाहिले, एकदा जीभ दाताशी लावून, एकदा वळवून. मग पेन खाली ठेवलं. एका अक्षराचा फरक, ल आणि ळ. पोलिसाला कुणी चोर म्हटलं तर तो एकवेळ सोडून देईल, पण त्यावर गर्दी हसली तर त्याला सोसत नाही. त्या हसण्याचा राग त्यांनी रघूच्या तळपायांवर काढला होता.

तीन पोलिसांविरुद्ध अर्ज कोर्टात गेला. पाळ्यात बातमी फुटायला वेळ लागला नाही. वडीलधारे येऊन सांगून गेले, “सगुणा, पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं. उद्या काही झालं तर याच स्टेशनात जायचंय ना?” सगुणाबाई म्हणाल्या, “गेलेच होते की. बसायला फरशी दिली.” मजुरीला येणाऱ्या दोघी बायका मात्र यायच्या थांबल्या. सगुणाबाई आणि रघू दोघंच पहाटेपासून वाकून तोडू लागले. थंडी पडली होती, बोटं बधिर व्हायची.

खरी अडचण भार्गवीनं आधीच सांगून ठेवली होती. पाय कुणी फोडले, किती जणांनी, कशानं, हे पाहिलेला आपल्या बाजूचा माणूस एकच, आणि तो रघू. “ते म्हणणार की ह्याला नसलेलं ऐकू येतं, मग ह्याची साक्ष कशी धरायची? न्यायाधीश आधी त्यालाच प्रश्न विचारतील. तिथं तो गडबडला तर अर्ज तिथंच संपला.”

“मग मीच सांगते ना सगळं,” सगुणाबाई म्हणाल्या. रेशनच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात, रघूला कुणी काही विचारलं की बारा वर्षं त्याच उत्तर देत आल्या होत्या. “त्याला नको उभं करायला. पुन्हा तेच आठवायला लावलं तर तो मोडेल.”

रघू माळ ओवत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “अक्का, मार कुणी खाल्ला?”

“तू.”

“मग मीच सांगतो.”

माघात तारीख लागली. कोर्टात पंखे बंद असूनही सगुणाबाईंना थंडी वाजत होती. न्यायाधीश एक पन्नाशीच्या बाई होत्या, चष्मा नाकावर उतरलेला. मागच्या बाकावर ते तीन पोलीस साध्या कपड्यांत बसले होते. स्टेशनची डायरी घेऊन आलेले नंजुंडप्पा दाराशी उभे होते. पुकारा झाला, “रघुनंदन राव!” सवयीनं सगुणाबाईच ‘आहे’ म्हणून उठल्या. भार्गवीनं त्यांना हाताला धरून खाली बसवलं. रघू पिंजऱ्यात जाऊन उभा राहिला. अंगात कावेरीनं घेतलेला निळा शर्ट, पायांत नव्या चपला. चपला त्यानं खाली काढून ठेवल्या.

पोलिसांचे वकील उठून म्हणाले की हा मनोरुग्ण आहे, ह्याची साक्ष घेणं म्हणजे कोर्टाचा वेळ घालवणं. न्यायाधीश म्हणाल्या, “ते मी ठरवते. तुम्ही बसा.” मग त्या कन्नडातून रघूशी बोलू लागल्या.

“काय काम करता?”

“फुलं तोडतो. माळा ओवतो.”

“इथं कशाला आलात?”

“मला मारलं, ते सांगायला.”

“खोटं सांगितलं तर काय होतं माहीत आहे?”

रघूनं थोडा विचार केला. “मला खोटं चालत नाही, अम्मा. सगळ्यांत जास्त नुकसान माझंच होतं.”

न्यायाधीशांनी चष्मा वर केला. पोलिसांच्या वकिलांना राहवलं नाही. त्यांनी परवानगी मागितली आणि रघूपुढं आले. “तुम्हाला आवाज ऐकू येतात. खरं का?”

“खरं.”

“कुणी नसताना?”

“हो.”

“त्या दिवशीही येत होते?”

“येत होते. पुष्कळ येत होते.”

वकिलांनी न्यायाधीशांकडं बघून हात पसरले. सगुणाबाईंनी डोळे मिटून घेतले. त्यांना वाटलं, संपलं.

“मग काठीचा आवाजही त्यातलाच असेल की!” वकील म्हणाले.

“मलाही आधी तसंच वाटलं,” रघू म्हणाला. “म्हणून मी विचारलो.”

“काय विचारलंत?”

“हे आहे का म्हणून. अम्मा, तुम्हा लोकांना ऐकू आलं की तुम्ही धरून चालता की ते आहेच. कधी तपासत नाही. मला बारा वर्षं रोज तपासावं लागतं. जे जे ऐकतो ते विचारून घेतल्याशिवाय मी खरं धरत नाही. कोठडीत आवाज येत होते, ते मी विचारलो नाही, ते नेहमीचे. काठीचं विचारलो. अक्का भिंतीमागून म्हणाली, आहे. सात वेळा विचारलो, सात वेळा आहे म्हणाली. आवाज खोटे होते, ते मी आजही सांगतो. काठी खरी होती.”

टाईप करणाऱ्याची बोटं थांबली. सगुणाबाईंनी डोळे उघडले. सात वेळा. त्यांना स्वतःला आकडा माहीत नव्हता. जगातल्या शहाण्यासुरत्या माणसांनी भरलेल्या त्या खोलीत ऐकलेली प्रत्येक गोष्ट पारखून घेणारा एकच माणूस होता, आणि तो त्यांचा भाऊ होता. इतकी वर्षं त्या समजत होत्या की आपण त्याला सांभाळतोय.

न्यायाधीश हळूच म्हणाल्या, “पोलिसांना चोर का म्हणालात?”

“नाही म्हणालो, अम्मा. कळ्ळ नाही. कल्ला.” त्यानं पुन्हा म्हणून दाखवलं, दोन्ही शब्द, सावकाश, शाळेत अक्षर गिरवून घेतात तसे. “आमच्या घरच्या भाषेत कल्ला म्हणजे…”

“गलाटे?”

“हो, गलाटे. यंत्राचा. पोलीस दिसले, म्हणून त्यांनाच सांगायला गेलो. दुसऱ्या कुणाला सांगायचं?”

न्यायाधीशांनी तो शब्द मनाशी म्हणून पाहिला. सगुणाबाईंना त्यांचे ओठ हलताना दिसले. मग रघूनं सगळं सांगितलं. काठी दोघांकडं होती, तिसऱ्यानं पाय धरले होते. त्यानं मागं वळून तिघांना ओळखलं, बोट न दाखवता, शर्टांचे रंग सांगून. नंजुंडप्पांनी येऊन ‘पुरे’ म्हटलं, तांब्यानं पाणी पाजलं, हातांचा टॉवेल सोडला, तेही सांगितलं. पोलिसांच्या वकिलांनी सगुणाबाईंच्या सहीचा कागद पुढं केला, तेव्हा न्यायाधीशांनी त्यांना उभं केलं. “ही सही तुमची?”

“माझी. न वाचता केली. वाचत बसले असते तर तेवढा वेळ तो आत राहिला असता.”

न्यायाधीशांनी डॉक्टरबाईंचा कागद पुन्हा एकदा पाहिला आणि टाईप करणाऱ्याला सांगू लागल्या. “साक्षीदाराला प्रश्न समजतात. तो विचार करून उत्तर देतो. त्याची साक्ष घेण्यास हरकत नाही.” तिघांवर समन्स काढायला सांगितलं. पुढची तारीख पडली. एवढंच झालं. पण बाहेर येताना भार्गवीनं सगुणाबाईंचा हात धरला. ती म्हणाली, “अक्का, आठ वर्षं कोर्टात येतेय मी. असं ऐकलं नव्हतं.”

पायऱ्यांवर ऊन पडलं होतं. रघू खाली बसून हातातल्या चपला पायांत घालत होता, एवढ्यात नंजुंडप्पा मागून आले. चेहरा उतरलेला, काखेत डायरी.

“रघू, माझं नाव कशाला घेतलंस रे? मी तुला बोटही लावलं नाही. पाणी दिलं मी तुला.”

“म्हणूनच घेतलो, अण्णा,” रघू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. “पाणी दिलात म्हणजे तुम्ही तिथं होतात.”

“अरे, माझे चार महिने राहिलेत. पेन्शन आहे.”

“मी तुम्हाला काही करा म्हणत नाही. तुम्ही बघितलात का, तेवढंच विचारतोय. नाही बघितलं म्हणालात तर मी ऐकून घेईन. मग मला पुन्हा सगळं तपासायला पाहिजे.”

नंजुंडप्पांनी मागं पाहिलं. ते तिघं फाटकाशी सिगारेट ओढत उभे होते आणि इकडंच बघत होते. नंजुंडप्पांनी डायरी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. रघू त्यांच्याकडं बघत होता, उत्तराची घाई नसलेल्या माणसासारखा.

“बघितलं,” नंजुंडप्पा म्हणाले. मग भार्गवीकडं वळून जरा मोठ्यानं म्हणाले, “लिहून घ्या, मॅडम. साक्षीदारांत माझं नाव लिहा. वडिलांच्या नावासकट लिहा.”

भार्गवी पिशवीत कागद शोधू लागली. रघूनं दुसऱ्या पायात चप्पल घातली आणि उठला. सगुणाबाईंना त्याच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. पण थोरली बहीण धाकट्याच्या पाया पडत नाही, म्हणून त्या तिथंच पायरीवर दोन्ही हात जोडून उभ्या राहिल्या.